भंडाऱ्यात माखलेली कातर

मित्रांनो, वाळूजला रांजणगावच्या रस्त्यावर पत्र्याची बरीच दुकानं आहेत. त्यांतल्या केरबाच्या दुकानात शिरताच उजव्या हाताला जी दांडगी बया उभी दिसते, ती मी. पायानं दाबून पत्रा कापायची जुनी मशीन. बाजारात मला शिअरिंग मशीन म्हणतात, पण केरबाच्या घरात सगळे मला कातरच म्हणतात आणि मलाही तेच नाव आवडतं. माझा हिरवा रंग उडालाय, एका अंगाला गंज चढलाय, एक पाय विटेवर टेकवलाय. तरी सध्या मी इतकी खुशीत आहे की कोणाला तरी सगळं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. माझ्या पात्याखाली चार बोटं आली होती आणि ती जशीच्या तशी परत गेली. त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला तो अजून तिथंच आहे.

आधी माझं रूप सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. मला दोन पाती आहेत. खालचं माझ्या मेजाला पक्कं बसवलेलं आहे. वरचं दोन्ही बाजूंच्या खाचांतून खाली-वर सरकतं. जमिनीलगत एक लांब दांडी आहे. माणूस पुढून पत्रा सरकवतो, दांडीवर पाय देतो, वरचं पातं खाली येतं आणि पत्र्याचा तुकडा मागच्या बाजूला पडतो. पाय उचलला की स्प्रिंगा पात्याला पुन्हा वर नेतात. मागं बसलेलं माणूस तुकडे गोळा करतं. म्हणजे मला चालवायला दोघं लागतात, आणि माझी खरी काळजी या दुसऱ्या माणसाचीच असते. पुढच्याला मागच्याचे हात दिसत नाहीत. मला दिसतात, पण माझ्या दिसण्याला विचारतो कोण?

माझा जन्म कोल्हापूरकडच्या एका फौंड्रीत झाला. तिथं लाल झालेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं आणि माझे पाय तयार झाले. पात्यांना धार लावली, अंगावर हिरवा रंग दिला आणि ट्रकमध्ये घालून मला मराठवाड्यात पाठवलं. तेव्हा या शहराला औरंगाबाद म्हणत. आधी मी चिकलठाण्याच्या एका शेडात राबले. तिथं कपाटांचे आणि पेट्यांचे पत्रे कापले. पुढं त्या शेडाच्या मालकानं मोटारीवरच्या मशिनी आणल्या आणि मला मागच्या अंगणात उभं केलं. माझ्या मेजावर चहाचे कप ठेवले जाऊ लागले. एक मांजर तर माझ्या दांडीखाली दोनदा व्यायली. पिल्लं गोड होती हे मी कबूल करते, पण मी काही त्यासाठी जन्मले नव्हते.

मग एके दिवशी केरबा आला. अंगानं काटक, पायांत जाड वहाणा. उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेलेली. त्यानं माझ्या पात्यावर हात फिरवला नाही की मला ठोकून पाहिलं नाही. सरळ दांडीवर पाय ठेवला, हळूच दाबला, अर्ध्यात थांबवला आणि सोडून दिला. मीही त्याच्या पायासोबत थांबले. तो मालकाला म्हणाला, "ही मला पाहिजे. मोटार कुणाचं ऐकत नाय. ही पायाचं ऐकती."

केरबा कन्नडकडचा. त्याच्या बापाची मेंढरं होती. लोकर कातरायचा हंगाम आला की दिवसभर वाकून मेंढरं कातरायची, उरलेलं वर्ष त्यांच्यामागं रानोमाळ हिंडायचं. चराईची रानं कमी झाली, कळप विकला आणि केरबा वाळूजला कामाला आला. एका शेडात मोटारीच्या मशिनीवर त्याची बोटं गेली. घरात सगळे म्हणत, मोटारीनं खाल्ली. तोही तसंच म्हणे. म्हणून त्यानं स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा मोटार नको म्हणून मला आणलं. मेंढरांमागं चालून कमावलेले ते पाय! माझ्या दांडीवर असा सवयीचा पाय पुन्हा कोणाचा पडला नाही.

त्याची बायको बानाबाई मागं बसून तुकडे उचलायची. दोघांनी एक रीत घातली होती. बानाबाईनं हात बाहेर काढून "घ्या" म्हटल्याशिवाय केरबाचा पाय दांडीला लागायचा नाही. रस्त्यावरून कंपन्यांच्या बसगाड्या जायच्या, शेजारी ग्राइंडर किंचाळायचा, पण तो "घ्या" केरबाला बरोबर ऐकू यायचा. मागच्या बाजूला खरं तर जाळी हवी. ती माझ्या आधीच्या घरीच कुठं तरी हरवली होती. केरबा म्हणायचा, करू कधीतरी. रीत पक्की होती, म्हणून जाळी राहून गेली.

ती माझी सुखाची वर्षं होती. उन्हाळ्यात कूलरचे पत्रे, सुगीला धान्याच्या कोठ्या, लग्नसराईत पेट्या. गंगापूरपासून माणसं यायची आणि म्हणायची, "केरबाच्या कातरीचा काप म्हंजे कानस फिरवायचं काम नाय." हे ऐकून मी फुगत नसे असं नाही.

आता दुकान त्याचा मुलगा भारत आणि सून सुकेशनी चालवतात. केरबा दारात खुर्ची टाकून बसतो. भारत मेहनती आहे, पण त्याला घाई फार. चालताना जेवतो, जेवताना फोनवर बोलतो. मला तेल द्यायचं म्हटलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "उद्या देतो." सुकेशनी शांत. ती लग्न होऊन आली तेव्हा पत्र्याला हात लावायला घाबरायची. आता पत्र्याच्या कडा इतक्या सफाईनं मुडपते की कोठीवरून फिरवलेल्या हाताला ओरखडा उठत नाही. तिनंही बानाबाईची रीत उचलली. तिच्या तोंडून "घ्या" आल्यावरच भारतचा पाय पडायचा. निदान बहुतेक वेळा.

आता मुख्य गोष्टीकडे येते. गेल्या चंपाषष्ठीला घरात तळी भरली. भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं, भंडारा उधळला. बानाबाईच्या माहेरी मेंढरं कातरायच्या कातरीला या दिवशी खोबरेल लावून भंडारा वाहायची पद्धत होती. ती हातभर कातर केव्हाच गेली, पण बानाबाईनं तो मान मला दिला. दर वर्षी ती मला बोटभर भंडारा लावायची. यंदा मात्र तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिला माझी दया आली.

"किती कोरडी पडलीया बाय माझी," असं म्हणत तिनं खोबरेल तेलाची बाटली माझ्या दोन्ही खाचांत उपडी केली. त्यावर मुठी भरभरून भंडारा घातला. मी पिवळीधम्मक झाले. मायेनं केलं, मित्रांनो, अगदी लेकीला न्हाऊ घालावं तशा मायेनं. पण खोबरेल केसांना ठीक. मशिनीच्या खाचांना ते चालत नाही, आणि हळदीची भुकटी तर मुळीच नाही. रात्री थंडी पडली. सकाळपर्यंत ते तेल थिजलं आणि भंडाऱ्यासकट माझ्या खाचांत, लाकडाच्या भेगांत भरतात त्या लांबीसारखं, घट्ट बसलं.

त्या सकाळी घाईचं काम होतं. गंगापूरच्या नानासाहेबांनी शेळ्यांसाठी नवा गोठा बांधला होता. त्यांना चाऱ्याच्या लांबलचक गव्हाणी हव्या होत्या. शेळ्या दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या आणि टेम्पो दुपारी. भारतनं पहिला पत्रा सरकवला आणि दांडी दाबली. मी कण्हतच खाली गेले. दुसरा काप त्याहून जड. तिसऱ्याला पातं नीट खाली गेलंच नाही. काप अर्धवट झाला आणि पत्र्याची एक बारीक चिंधी दोन पात्यांच्या मध्ये अडकून राहिली.

"थांबा हं, चिंधी अडकलीया," मागून सुकेशनी म्हणाली आणि तिनं चिंधी ढकलायला चार बोटं माझ्या पात्याखाली घातली.

नेमका तेव्हाच भारतचा फोन वाजला. नानासाहेब होते. त्यानं फोन मान वाकडी करून खांद्यात धरला. "व्हय व्हय नानासाहेब, झालंच बघा. गाडी येऊ द्या, लगेच भरतो," असं म्हणता म्हणता त्याचा पाय आपोआप दांडीवर चढला. "थांबा" त्यानं ऐकलं नव्हतं. "घ्या"ची त्यानं वाट पाहिली नाही.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मागं सरता येत नाही. दाबलं की खाली जायचं एवढंच मला येतं. त्या क्षणी मला माझ्या धारेची जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. घरात पुन्हा कुणाची बोटं जाऊ नयेत म्हणून केरबानं मला आणलं, आणि तीच माझ्या हातून जाणार होती. पातं खाली निघालं, सुकेशनीच्या बोटांना टेकलं आणि अडलं.

खाचांतला तो घट्ट गोळा आडवा आला होता. भारतला फक्त एवढंच कळलं की कातर अडली. अशा वेळी दोन्ही पायांनी दांडीवर चढायची त्याची सवय. त्यानं दुसरा पाय उचलला. तेवढ्यात सुकेशनीनं हात ओढून घेतला. पुढच्याच क्षणी भारतचा सगळा भार दांडीवर पडला, खाचांतला गोळा सुटला आणि मी खाडकन खाली आदळले. चिंधीचे दोन तुकडे झाले.

"आय!" भारत आतल्या बानाबाईला ओरडला. "काय वतलंस गं कातरीत? लई जड झालीया!"

मागून काही आवाज नाही. नेहमी तुकडा उचलल्याचा खणखणाट यायचा, तोही नाही. भारत फोन हातात घेऊन मागं आला. सुकेशनी भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात मांडीवर उताणा ठेवून ती त्याच्याकडे टक लावून पाहत होती. चारही बोटांवर, नखांच्या जरा वर, माझ्या पात्याला लागलेल्या भंडाऱ्याची एक सरळ पिवळी रेघ उमटली होती. रक्ताचा थेंब नव्हता. फोनमधून नानासाहेब "हॅलो, भारत, हॅलो" करत होते.

भारतला रेघ दिसली, माझं खाली आलेलं पातं दिसलं, आणि मग त्याला सगळं कळलं. तो पत्र्याच्या कतरणीतच खाली बसला.

केरबा दारातून उठून आला. त्यानं आपल्या अर्ध्या पंजानं सुनेचा हात धरला आणि एकेक बोट वाकवून पाहिलं. "हलीव. आता ह्ये हलीव. व्हय, ह्ये बी." चारही बोटं हलली तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. सुकेशनी तेव्हा कुठं रडली.

गलका ऐकून बानाबाई आतून धावत आली. रेघ पाहून तिनं आधी सुनेला पोटाशी धरलं, मग माझ्यापुढं हात जोडले. "मल्हारीनं धरली गं कातर! भंडारा हुता म्हनून वाचली माझी पोर. आता दर रविवारी वाटीभर वतनार म्या."

"वत आय, वत," भारत पुटपुटला. त्या घडीला त्याला कोणी माझ्यात दही घालायला सांगितलं असतं तरी त्यानं घातलं असतं.

मला मात्र हे पटेना. माणसं मला देवपण देऊ लागली होती, आणि कोणाला नको असतं देवपण? पण मला खरं ठाऊक होतं. खाचांत गोळा होता म्हणून मी अडले आणि तोच गोळा सुटला म्हणून मी आदळले. मधे एका श्वासाचं अंतर होतं. पुढच्या वेळी ते असेल कशावरून? दर रविवारी वाटीभर ओतलं असतं तर मी कधी अडणार आणि कधी पडणार, हे मला तरी कुठं कळलं असतं?

सुकेशनीनं पदरानं डोळे पुसले. "आत्याबाई, देवाचं देवाला," ती म्हणाली. "पर आडली ती बी हीच आन् पडली ती बी हीच. म्या हात काढला आन् धाडकन खाली आली. फुडच्या बारीला आधीच पडली तर?"

बानाबाईला ते लागलं. "म्हंजे भंडाऱ्याला नावं ठेवतीस व्हय?"

तेव्हा केरबा बोलला. "बाने, माझी बोटं कशी गेली, ठावं हाय तुला?"

"मोटारीनं खाल्ली की. आख्ख्या वाळूजला ठावं हाय."

"मोटारीनं नाय. मशीन आडत हुती. दोन दिस आडत हुती. आडली की म्या म्हनायचो, बरं झालं, देवानं इसावा दिला. तिसऱ्या दिशी काय आडलं म्हनून हात घालून बघितलं, आन् मंग ती सुटली." त्यानं आपला पंजा सुनेच्या पंजाशेजारी धरला. "आडलेल्या मशिनीचा कंदी भरवसा धरू नका."

इतकी वर्षं त्यानं हे घरात सांगितलं नव्हतं. मोटारीला शिव्या देणं सोपं होतं. बानाबाई त्या दोन हातांकडे बघत राहिली, एक पुरा आणि एक अपुरा. मग उठून आत गेली. मला वाटलं, रुसली. पण ती जुनं लुगडं आणि डिझेलचा डबा घेऊन परत आली. माझ्यापुढं मांडी घालून तिनं दोन्ही खाचांतला गोळा उलथण्यानं खरवडून काढला. देवाचा म्हणून तो कागदावर जमा केला आणि तुळशीत नेऊन टाकला. मग फडक्यानं मला इतकं घासलं की लोखंड चमकायला लागलं. "मशिनीचं त्याल कुठंय रे?" तिनं भारतला विचारलं. भारतनं डबा आणून दिला. या वेळी उद्या म्हणाला नाही. शेवटी बानाबाईनं चिमूटभर भंडारा घेतला आणि माझ्या कपाळाला, पात्यापासून लांब, एकच बोट ओढलं. तिथं तो मला शोभतोही.

भारतनं नानासाहेबांना फोन लावला. या वेळी फोन नीट कानाला धरून, एका जागी उभा राहून. "आज गव्हाणी व्हनार नाय," तो म्हणाला. "बायकोचा हात मशिनीतून वाचलाय. आधी मशीन नीट करतो." मला वाटलं, आता नानासाहेब तडकणार. पण पलीकडून आवाज आला, "आरं, मंग कामून फोन करू लागलास? शेळ्या काय, दोन दिस भुईवर खातील. पोरीला च्या पाज."

मग त्याच दुपारी, मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी पत्रा कापला. माझ्या मागची जाळी करायची होती. गव्हाणीसाठी आणलेला चांगला जाड पत्रा भारतनं त्यासाठी घेतला. मागं कोणालाच बसू दिलं नाही. तुकडे पडत गेले आणि सगळे पडल्यावर त्यानं स्वतः मागं जाऊन उचलले. ताज्या तेलानं मी लोण्यासारखी चालत होते. केरबानं पट्ट्यांना भोकं पाडली, भारतनं त्या आडव्या-उभ्या जोडल्या, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या मागं अशी जाळी बसली की तुकडा खाली पडेल पण हात आत शिरणार नाही.

सुकेशनीचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. "दांडीला एक खिट्टी बसवा," ती म्हणाली. "आन् तिचं टोक माझ्याकडं. म्या काढल्याबिगर दांडी हालायची नाय."

"अगं, दर कापाला खिट्टी काढाय-घालायची म्हंजे..." भारतनं सुरुवात केली. मग तिच्या बोटांकडे पाहिलं. रेघ धुवूनही जरा पिवळी राहिली होती. "व्हय," तो म्हणाला, "बसवतो."

खिट्टी बसली. आता सुकेशनीनं खिट्टी काढल्याशिवाय भारतच्या घाईला वाट नाही. पहिले काही दिवस त्याचा पाय दांडीवर चढायचा, दांडी हलायची नाही आणि तो ओशाळून खाली उतरायचा. नानासाहेबांच्या गव्हाणी दोन दिवस उशिरा गेल्या. मोटारीवरची मशीन घ्यायचं भारत अधूनमधून बोलतो, पण आता तिची जाळी कशी असेल हे आधी विचारतो.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेतात, कारखान्यात माझ्यासारखं कुणी तरी असेलच. कडबा कापणारं असेल, ऊस गाळणारं असेल, पीठ दळणारं असेल. आमची पूजा जरूर करा, आम्हाला ती आवडते. पण आम्ही कुरकुरलो की आमचं ऐका. तेल वेळेवर द्या, जाळी कधीतरी बसवू म्हणून ठेवू नका, आणि पलीकडचं माणूस "घ्या" म्हणेपर्यंत दांडीला पाय लावू नका. आम्हाला थांबता येत नाही. थांबायचं काम तुमचं आहे.

बोटं वाचली त्या संध्याकाळी दुकानाचं शटर खाली आलं आणि मागच्या खोलीत चूल पेटली. बानाबाई म्हणत होती, आज मी करते, तू बस. सुकेशनीनं ऐकलं नाही. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आवाज येऊ लागला. बाजरीची भाकरी थापल्याचा, दोन्ही हातांनी, सगळ्या बोटांनी. केरबा जेवायला न जाता दारातच थांबून तो ऐकत होता. भाकरीमागून भाकरी होत गेली, आणि मी अंधारात उभी राहून ऐकत राहिले.